न काढलेला ठिपका

कॉलेजची घंटा झाली की पौनीकर सर थांबत. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळेच मास्तर घंटेला थांबतात. तसं नव्हे. सर वाक्य संपवून थांबत नसत, शब्दसुद्धा संपवून थांबत नसत. तोंडात 'कन्व्हर्' एवढं आलेलं असे, तेवढ्यात बाहेर शिपाई लोखंडी पट्टीवर टोले हाणू लागे, आणि सर तिथल्या तिथे गोठत. खडू फळ्यावर टेकलेला, ओठ अर्धवट उघडे, डोळे खिडकीबाहेर. शेवटच्या टोल्याची घणघण पार विरली की मग उरलेला 'जन्स' बाहेर येई. पुढच्या तासाचे मास्तर दारात चुळबुळत उभे असत. सरांना त्यांचं काही नसे.

ही नक्कल मी फार झकास करत असे. मी गणितात एम.एस्सी. झालो आणि त्यानंतर गणिताच्या वाटेला गेलो नाही; सरकारी कचेरीत चिकटलो आणि संध्याकाळी हौशी नाटकांतून दुसऱ्यांचे आवाज काढत राहिलो. त्या कलेचा पहिला प्रयोग आमच्या स्नेहसंमेलनात, पौनीकर सरांवर. विंगेत माझ्या वर्गातल्या वानखडेने थाळी बडवली, मी 'कन्व्हर्' वर गोठलो, आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. सर पहिल्या रांगेत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. मनात म्हटलं, गेली आपली परीक्षा. सर म्हणाले, "नक्कल चांगली होती. पण मी खडू डाव्या हातात धरतो. तू उजव्या हातात धरला होतास." आणि निघून गेले. घंटेबद्दल अक्षर बोलले नाहीत.

सर अंगाने किडमिडीत, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि बोलणं असं शुद्ध की जणू प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलाय. गोळीबार चौकामागच्या गल्लीत विणकरांच्या घरी जन्मलेला हा माणूस. गल्लीतला पहिला पदवीधर, पहिला प्राध्यापक. वर्गात मात्र नागपुरी बोलीचा एक धागा त्यांच्या तोंडून कधी सुटला नाही. ती उणीव आमचा वानखडे भरून काढी. वानखडे काटोलचा. घरी संत्र्याचा बगीचा, पिशवीत कायम संत्री, आणि तोंडाला कडी नाही.

पहिल्याच तासाला सरांनी त्याला उभं केलं. विषय होता मेट्रिक स्पेस. गणित न शिकलेल्यांनी घाबरू नये, गोष्ट सोपी आहे. कुठल्याही वस्तूंचं एक गाव घ्यायचं, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांमधलं अंतर मोजायचा एक नियम ठरवायचा. बस.

"वानखडे, काटोलहून नागपूर किती लांब?"

"सर, बस भेटली तं दीड घंटा. नाई भेटली तं आजचा दिवस गेला समजा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना उत्तर आवडलं होतं. "आणि नागपूरहून काटोल?"

"ते जास्त हाये, सर. निकाल घेऊन जा लागते ना, बाप वाट पाह्यते."

"मग तुझं अंतर आपल्याला चालणार नाही," सर म्हणाले. "इथून तिथे जेवढं, तेवढंच तिथून इथे असलं पाहिजे. ही पहिली अट. सासरहून माहेर जवळ आणि माहेरहून सासर लांब, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरा विषय घ्यावा."

आमच्या वर्गात दोनच मुली होत्या. त्यातली एक खुदकन हसली. सर फळ्याकडे वळले आणि अट लिहिता लिहिता, आम्हाला नव्हे, फळ्यालाच म्हणाले, "खरं म्हणजे ही अट फार कठीण आहे." तेव्हा वाटलं, गणिताबद्दल बोलतायत.

पण सरांची खरी ख्याती होती ती एका शब्दासाठी. तो शब्द 'कुठे?'

तुम्ही उत्तर सांगत फळ्यापाशी उभे आहात. एक क्रम घेतला आहे, म्हणजे एकामागून एक येणारी पदं. ती पदं एकमेकांच्या जवळ, आणखी जवळ सरकतायत. अशा क्रमाला पुस्तकात एका फ्रेंच गणितज्ञाचं नाव आहे. सर त्याला 'बिलगता क्रम' म्हणत. तुम्ही मोठ्या उत्साहात म्हणता, "म्हणून हा क्रम कन्व्हर्ज होतो." कन्व्हर्ज होतो, म्हणजे एका जागी पोचतो. मागून आवाज येतो: "कुठे?"

"सर, पदं जवळ जवळ येतात…"

"जवळ येतात ते पाहिलं. पोचतात कुठे?"

आणि मग ते स्वतः उठत. फळ्यावर ठिपके काढत. एक, दुसरा, तिसरा, प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा जवळ, दाट होत जाणारे, जणू मुंग्यांची रांग वारुळाकडे निघाली आहे. सगळे ठिपके जिथे निघालेत ती जागा आता डोळ्यांना स्वच्छ दिसते. कोणीही तिथे खडू टेकवला असता. सर टेकवत नसत. त्या जागी ते बोटाचं टोक ठेवत आणि हलकेच फिरवून खडूची भुकटी पुसत. ठिपक्याऐवजी तिथे एक लहानसं काळं भोक उरे.

"फक्त अपूर्णांकांचं गाव घ्या," ते सांगत. "एक पूर्णांक चार दशांश. एक पूर्णांक एक्केचाळीस शतांश. एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांश. सगळे दोनच्या वर्गमुळाकडे निघालेत. दिशा बरोबर, चाल बरोबर, एकमेकांना बिलगूनही चाललेत. पण दोनचं वर्गमूळ अपूर्णांक नाही. त्या गावात ते घरच नाही. तेव्हा जवळ येतो म्हणून पोचतो असं कधीही लिहू नका. ज्या गावात प्रत्येक बिलगत्या क्रमाला घर मिळतं ते गाव परिपूर्ण. बाकीच्या गावांत आधी विचारा, कुठे?"

वर्षभरात आमची अशी गत झाली की कँटीनमध्ये कोणी "चहा येतो" म्हटलं की चार टाळकी एकदम ओरडत, "कुठे?" वानखडेला तर हा शब्द इतक्या वेळा खावा लागला होता की तो म्हणे, "मले आता स्वप्नात बी सर 'कुठे' म्हणूनच भेटून राहिले."

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते वानखडेबरोबर, त्याच्या बापाने पाठवलेली संत्री पोचवायला. गल्ली अरुंद. पॉवरलूम आल्यापासून हातमाग एकेक करून बंद पडत चालले होते. ज्या घरांतून पूर्वी खटखट येई तिथे आता किराणा आणि शिलाई मशीन. सरांचं घर बैठं, पुढची खोली मागाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो तसला जुना खड्डामाग. आणि नवल म्हणजे तो मोडकळीला आलेला नव्हता. लाकूड तेल लावल्यासारखं चमकत होतं, उभ्या धाग्यांचा ताणा ताठ होता, वर लाल काठाचं लुगडं अर्धं विणलेलं. आडवा धागा नेणारा धोटा उभ्या धाग्यांच्या मध्येच होता. म्हणजे कोणी तरी उजवीकडून डावीकडे फेकला आणि तो पलीकडे पोचायच्या आत उठून गेला.

"हात नको लावू बाप्पा," काकू आतून म्हणाल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. "रोज सकाळी पुसते ते स्वतः. मले बी लावू देत नाई."

कोपऱ्यात सरांची आई बसली होती, फार म्हातारी, कानांनी जवळजवळ बहिरी. तिने मला हाताने जवळ बोलावलं. "काहून गा, आइकू येते का तुले?"

"काय, आजी?"

"माग. रामू इनून राह्यला ना."

मागावर कोणी नव्हतं. वानखडेने माझ्याकडे पाहिलं. एरवी वानखडेला गप्प बसवायला वर्गात तिघे लागत.

रामूची गोष्ट त्या दिवशी काकूंनी सांगितली, संत्री सोलता सोलता, सर बाहेर गेले होते तेव्हा. रामू सरांचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला. एकाने शिकायचं, एकाने विणायचं, असं काही कोणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसं. रामूच्या मागावर सरांची पुस्तकं आली, फी गेली. दोघंही डावखुरे, चेहऱ्याने इतके सारखे की लहानपणी मास्तर एकाच्या खोडीला दुसऱ्याला मारत. पुढे सर प्राध्यापक झाले, आणि हातमागाचा धंदा बसला. तेव्हा सरांनी खटपट करून रामूसाठी कॉलेजात जागा मिळवली. शिपायाची. मोठ्या आनंदाने दुपारी जेवताना सांगितलं, सोमवारपासून रुजू हो.

"रामू भाऊजी काही बोललेच नाई आधी," काकू म्हणाल्या. "जेवले. मागावर जाऊन बसले. चार-दोन हात मारले. अन् मंग तिथूनच म्हणाले, 'दादा, तू वर्गात शिकवशील अन् मी भाईर घंटी देऊ का गा?' हे म्हणाले, 'त्यात काय वाईट आहे?' तसं शुद्ध बोलले, कॉलेजात बोलते ना, तसं. भाऊजी उठले, चपला घातल्या, गेले. आम्हाले वाटलं, चौकात गेले असतीन."

ते गेले ते गेलेच. आम्ही एम.एस्सी.ला आलो तेव्हा त्याला बरीच वर्षं लोटली होती.

परतताना आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत आलो. मग वानखडे म्हणाला, "म्हून घंटीले थांबते गा ते." माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं होतं. ती नक्कल मी पुढे केली नाही. वानखडेही थाळीला हात लावायला तयार नव्हता.

पण रामू अगदीच नाहीसा झाला नव्हता. त्याच्या खबरी येत. कापडाचे फेरीवाले, सुताचे दलाल, लग्नाकार्याला फिरणारे नातेवाईक यांच्याकडून. पहिली खबर जबलपूरची होती, एका धर्मशाळेत दिसला. मग बऱ्याच काळाने सिवनीची. मग भंडाऱ्याला आठवडी बाजारात कोणी पाहिला. मग उमरेडला, तिथल्या एका विणकराकडे महिनाभर मागावर बसला होता म्हणे. सर गावांची नावं बोटांवर मोजून सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा वर्गातल्यासारखा उजळे.

"पाहिलंस?" एकदा घरी ते मला म्हणाले. तोवर माझी त्या घरी ऊठबस वाढली होती. काकूंच्या हातची भाकरी हे त्याचं खरं कारण. "प्रत्येक गाव आधीच्यापेक्षा नागपूरला जवळ आहे. आणि दोन खबरींमधलं अंतरही कमी होत चाललंय."

काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "अन् रामदासपेठेतला फ्लॅट हातून चाललाय. नळ घरात, संडास घरात. आईंले ह्या वयात हंड्यानं पाणी भरून द्या लागते. पण नाई."

"त्याला हाच पत्ता ठाऊक आहे," सर म्हणाले.

हा वाद त्या घरात मिठासारखा रोजचा होता. दुसऱ्या शहरात विभागप्रमुखाची जागा आली, सरांनी सोडली. फ्लॅट आला, सोडला. कारण दर वेळी तेच पाच शब्द.

आणि मग कुहीची खबर आली. कुही म्हणजे धानाच्या शेतांमधलं तालुक्याचं गाव. नागपूरहून बसने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रामू रोज दिसतो, असा निरोप होता. सरांनी मला बरोबर घेतलं. मला वाटतं, सोबतीला साक्षीदार हवा होता त्यांना. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि सबंध वाटेत एकच वाक्य बोलले: "रागवायचं नाही. आधी काही विचारायचंच नाही. चहा घ्यायचा." ते मला सांगत नव्हते, पाठ करत होते.

स्टँडवर उतरलो. टपरी सापडायला वेळ लागला नाही. टपरीवाला भांडं घासत होता. त्याने मान वर केली, सरांकडे पाहिलं, आणि तोंडभर हसला.

"आले का गा परत? काल तं नागपूरच्या गाडीत बसले ना तुमी?"

सर पुढे होऊन बाकावर बसले. टपरीवाल्याने न विचारता चहा गाळून कप पुढे केला. सरांनी तो डाव्या हाताने उचलला.

"अन् हा शर्ट कुठून मारला, भाऊ?" टपरीवाला मला डोळा मारत म्हणाला. "काल पोरावानी रडून राह्यले होते, आज साहेब बनून आले."

मी म्हटलं, "अहो, हे ते नव्हेत. हे त्यांचे मोठे भाऊ."

टपरीवाल्याचं हसू हळूहळू उतरलं. तो जवळ आला, सरांचं तोंड न्याहाळलं, आणि एक पाऊल मागे सरला. "बाप्पा," तो म्हणाला. "तेच नाक, तोच हात."

"काल कोणत्या गाडीने?" सरांनी विचारलं.

"दुपारच्या. म्हणे, घरी जातो."

सरांनी चहा अर्धा ठेवला. परतीच्या बसमध्ये हा माणूस लहान मुलासारखा झाला होता. खिडकीची दांडी वाजवत होता, गावं मागे पडली की मला दाखवत होता. घरी जातो, म्हणाला. कालच. म्हणजे आपण कॉलेजात असताना. म्हणजे आता घरी असेल. बस आपणच ढकलत असल्यासारखे ते सीटवर पुढे सरकून बसले होते.

गल्लीत शिरलो तेव्हा सर जवळजवळ धावत होते. दार उघडं. पुढच्या खोलीत माग, रिकामा. कोपऱ्यात आई. तिने सरांना पाहिलं आणि म्हणाली, "येऊन गेला ना गा. वाजला माग. तू कुठी होता?"

सर आत वळले. "कोण आलं होतं?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कोणी नाई. काल बी घरीच होती मी, आज बी. कोणी आलं नाई." मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "आई रोजच म्हणते ना तसं."

सर मागाशी गेले. वाकून धोटा पाहिला. तो होता तिथेच होता, निदान तसं वाटलं. धूळ असती तर काही कळलं असतं, कोणाचा हात लागला की नाही ते. पण रोज सकाळी पुसत असल्यामुळे तिथे धूळ नव्हती.

त्यानंतर सरांनी रजा घेतली. त्यांच्या नोकरीतली पहिली मोठी रजा. ते पुढच्या खोलीत खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसून असत. मी भेटायला गेलो तर माझ्या पावलांच्या आवाजाने उभे राहिलेले असत. मी दिसलो की बसत. रामू आला नाही. कुहीच्या टपरीवरही परत गेला नाही. त्यापुढे त्याची कुठूनही खबर आली नाही. गावं संपली.

रजा संपवून सर वर्गावर आले तो तास मी विसरणं शक्य नाही. शिकवायला होतं त्यांचं लाडकं गाव: तुटक नसलेल्या रेषांचं. सलग काढलेली कुठलीही रेषा या गावची रहिवासी. दोन रेषांच्या मध्ये जेवढी जागा सापडते तेवढं त्यांचं अंतर. सरांनी फळ्यावर एक सलग रेषा काढली, खालून वर चढणारी. दुसरी काढली, जरा उभ्या चढाची. तिसरी आणखी उभी. रेषा एकमेकींना बिलगत चालल्या होत्या. विणकराच्या मुलाला या रेषा धाग्यांसारख्या दिसत असाव्यात. तो त्या काढताना हात एकदाही उचलत नसे. सरांनी शेवटची रेषा काढली, मागे सरले, आणि खाली लिहिलं, मोठ्या ठसठशीत अक्षरांत: म्हणून हा क्रम कन्व्हर्ज होतो.

आणि मागच्या बाकावरून वानखडेने, दोन वर्षं तो शब्द खाल्लेल्या वानखडेने, निव्वळ सवयीने, निव्वळ मजेने विचारलं:

"कुठे, सर?"

आम्ही हसलो. सगळेच हसलो. सरांना तशी थट्टा चालत असे. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी स्वतःचं वाक्य वाचलं. मग रेषा पाहिल्या, पहिली, दुसरी, तिसरी. त्या जिथे निघाल्या होत्या तिथे. चढ उभा होत होत शेवटी भिंत होते. तिथे रेषा तुटते. तुटलेली रेषा त्या गावची नाही. हे त्यांनीच आम्हाला पुस्तकात खूण करून दिलं होतं: इथे हमखास फसतात.

हसू एकेक करून विझलं. बाहेर घंटा नव्हती, काही नव्हतं, तरी सर तसेच गोठून उभे होते.

"बरोबर आहे," ते अखेर म्हणाले. "कुठेच नाही."

त्यांनी वाक्य पुसलं नाही. खडू खाली ठेवला आणि वर्गाबाहेर गेले. वानखडे पांढराफटक पडला होता. "मी काही मनात ठेवून नाई म्हटलं बे," तो मला म्हणाला. "आईची आण. तोंडून निघून गेलं." संध्याकाळी तो पिशवीभर संत्री घेऊन गल्लीपर्यंत गेला आणि आत न जाता परत आला.

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले, बटणं गळ्यापर्यंत. वानखडेला उभं केलं. तो उठला. सर म्हणाले, "काल तू विचारलंस ते या वर्गात मी स्वतःलाही विचारायला हवं होतं. बस." आणि त्या तासाला त्यांनी, गावात भोकं असली तर ती भरायची कशी, ते शिकवलं. त्याची एक सुंदर युक्ती आहे. जो बिंदू गावात नाहीच, तो बाहेरून कुठून आणणार? तेव्हा त्याच्याकडे निघालेले जेवढे म्हणून क्रम आहेत, ते सगळे एकत्र उचलायचे, आणि त्या घोळक्यालाच तो बिंदू म्हणायचं. बाकी काही करावं लागत नाही. गाव परिपूर्ण होतं. जो नव्हता, त्याच्या जागी त्याच्याकडे जाणारे सगळे.

"चालतं असं?" कोणीतरी विचारलं.

"गणितात चालतं," सर म्हणाले.

त्या पावसाळ्यात सरांची आई गेली. दिवाळीच्या आत सर रामदासपेठेत राहायला गेले. काकूंना घरात नळ मिळाला. आम्ही पास झालो, वानखडे बापाच्या बगीच्यात गेला, मी कचेरीत. जुनं घर सरांनी विकलं की भाड्याने दिलं, मी कधी विचारलं नाही. माणूस बाहेर पडला त्यातून, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

सरांना शेवटचं पाहिलं त्याला आता थोडी वर्षं झाली. ते निवृत्त झाले होते. आमच्या नाट्यसंस्थेच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलवावं म्हणून मी दुपारी रामदासपेठेत गेलो. दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झालेले, बाकी तशाच. भाकरीचं विचारलं आधी, मग बाकी.

"ते इथं नाईत. दुपारचे तिकडंच असते."

"तिकडं म्हणजे?"

"घरी," काकू म्हणाल्या. तो फ्लॅट घेण्यासाठी इतकी वर्षं भांडलेली बाई असं म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मी गोळीबार चौकात उतरलो. गल्ली ओळखू येत नव्हती, दोन्ही बाजूंना पक्क्या इमारती. भर दुपारी सगळं सामसूम. आणि मग मला ऐकू आलं. खट्. खटखट्. खट्. हातमाग. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. या गल्लीत आता एकही माग नव्हता. क्षणभर वाटलं, रामू आला. दुसऱ्या क्षणी वाटलं, म्हातारी बरोबर सांगत होती. पावलं आपोआप वेगात पडायला लागली.

दार सताड उघडं होतं. खड्ड्यात पाय सोडून, दाराकडे पाठ करून, एक किडमिडीत माणूस बसला होता. बनियन, गुडघ्यावर धोतर. डाव्या हाताने धोटा फेकत होता, आणि फेक बेताल होती, पायाखालच्या पावडीवर पाय चुकत होते. पुढे लाल काठाचं तेच लुगडं. एका ठिकाणापर्यंत वीण घट्ट, आरशासारखी. तिथून पुढे सैल, तिरपी, गाठींनी भरलेली. दोन हातांच्या मधली हद्द दारातून दिसत होती.

माझी सावली आत पडली असावी, किंवा पाऊल वाजलं असावं. माग थांबला. तो माणूस वळला नाही. धोटा हातात धरून, मान किंचित तिरकी करून, जी बोली मी सबंध दोन वर्षांत सरांच्या तोंडून ऐकली नव्हती त्या बोलीत त्याने विचारलं:

"कुठी होता गा इतके दिस?"

जन्मभर मी दुसऱ्यांचे आवाज काढत आलो. त्या दारात मला स्वतःचा आवाज सापडेना.

"सर," मी म्हटलं. "मी."

ते वळले. चष्मा पुसून घातला. "अरे, तू! ये, ये. बस," ते म्हणाले, इस्त्रीच्या मराठीत. मग आम्ही बोललो. कार्यक्रमाबद्दल, वानखडेच्या संत्र्यांबद्दल, माझ्या नाटकांबद्दल. येईन म्हणाले कार्यक्रमाला, आले नाहीत. विणकाम कसं चाललंय असं मी विचारलं तेव्हा लुगड्याकडे पाहून म्हणाले, "त्याच्याइतकं जमत नाही. पण अर्धं ठेवणं बरं दिसत नव्हतं."

निघताना मी सवयीने दार लोटायला हात लावला.

"राहू दे," सर म्हणाले.

मी चालू लागलो. मागे खटखट सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो असेन, तेव्हा समोरून एक दूधवाला सायकल हाताने ढकलत माझ्या अंगावरून आत गेला. त्याची पावलं दारापुढून जात असतील तेव्हा माग थांबला.

दूधवाला पुढे गेला. जरा वेळाने माग पुन्हा वाजू लागला.